केळीचे वाण जपा

मक्याच्या एका कणसातले सारे दाणे सख्खे भाऊ असतातच असे नाही. पराग वाऱ्याने येतो. आई एक, बाप अनेक. या वेगळेपणातून निवड करकरूनच १९६१ साली भारतात संकरित मक्याचे वाण शेतकऱ्यांपुढे आले.

आपल्या वसईच्या केळीचे तसे नाही. तिला बी नाही. मुनवा म्हणजे आईचीच नक्कल. जो रोग एका झाडाला बाधतो, तो साऱ्या बागेला बाधतो. 'ग्रो मिशेल' ही जगाच्या बाजारातली केळी १९६० च्या सुमारास मर रोगाने अशीच मागे पडली.

म्हणून बसराई लावा, पण सुकेळीची राजेळी आणि वेलची यांचेही दोन-चार मुनवे राखा. रोगाशी झुंजण्याचा गुण उद्या कदाचित त्यांच्यातच सापडेल. गुरुजींनी मुलांकडून गावातल्या केळींची यादी करवून घ्यावी. गेलेला वाण मागून मिळत नाही.