पाऊस बाहेरचा, घाम आतला

मागच्या पावसाळ्यात मी सायकलवर घालण्यासाठी एक महागाचं जॅकेट घेतलं. किंमत सांगत नाही. घरीही अजून खरी सांगितलेली नाही. लेबलवर दोन गोष्टी ठळक लिहिल्या होत्या : पाणी आत येणार नाही आणि घामाची वाफ बाहेर जाईल. आमच्याकडे जुलैत झड लागली की चार-चार दिवस हटत नाही. घर ते रुग्णालय हे सहा किलोमीटर मी बरीच वर्षं सायकलनेच जाते. पहिल्याच दिवशी ते जॅकेट घालून निघाले, वॉर्डात पोचले, चेन उघडली, तर आतला कुर्ता पिळून काढावा इतका ओला! आमच्या सिस्टर बघून म्हणाल्या, "मॅडम, जॅकेट उलटं घातलं का हो?"

पावसाचा एक थेंबही आत आला नव्हता. जे पाणी होतं ते सगळं माझंच होतं.

जॅकेट बनावट नव्हतं. ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जुलैसाठी बनलेलं नव्हतं, एवढंच. हे कळायला मला थोडं भौतिकशास्त्र पुन्हा उघडावं लागलं, आणि त्यात जे सापडलं ते दुकानात जाण्याआधी वाचकांनाही माहीत असावं असं वाटतं.

अशा जॅकेटच्या कापडात एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर हे नॉनस्टिक तव्यावर असतं त्या जातीचं प्लास्टिक तापवून ताणायचा प्रयत्न करत होते. हळूहळू ताणलं की ते तुटायचं. शेवटी त्यांनी जोरात हिसका दिला, तर ते न तुटता कितीतरी पट लांब झालं आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब या छिद्रांतून आत शिरू शकत नाही, पण वाफेचा रेणू त्याहून खूपच लहान, तो सहज निघून जातो. आता छिद्रांशिवायचे पापुद्रेही मिळतात. ते वाफ शोषून दुसऱ्या बाजूला सोडतात. पण दोन्ही प्रकारांना एक अट लागू असते. वाफ आपणहून बाहेर जात नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती जाते, आणि फरक जितका मोठा तितकी वेगाने जाते.

वाफेचा दाबही रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलीमीटरमध्ये मोजता येतो. अंगाला लागून असलेली, घामाने पूर्ण भरलेली ३४ अंशांची हवा घ्या. तिच्यातल्या वाफेचा दाब सुमारे ४० मिलीमीटर. युरोपातल्या एखाद्या गावी ५ अंशांत पाऊस पडत असेल तर बाहेरच्या हवेतल्या वाफेचा दाब असतो जेमतेम ६. फरक ३४. आता आपल्याकडची झड घ्या : तापमान २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. बाहेरचा दाब २४. फरक उरला १६. म्हणजे तेच जॅकेट, तोच पापुद्रा, पण वाफेला बाहेर ढकलणारा जोर निम्म्याहून कमी. त्यात कापडाचा बाहेरचा थर पावसाने भिजून चिंब झाला की वाफेची वाट आणखी अडते. लेबलवर 'दर चौरस मीटरमागे २४ तासांत १०,००० ग्रॅम वाफ' असा जो आकडा असतो तो प्रयोगशाळेतला. शिवाय चाचणीच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे एका कंपनीच्या दहा हजारांची दुसरीच्या दहा हजारांशी तुलना करण्यात अर्थ नाही.

आणि सायकलस्वाराला घाम येणारच. पॅडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकं फिरवण्यात जातो. बाकीची सगळी उष्णता होते. एक लिटर घाम उडून गेला तर तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण उडून गेला तर! नुसता निथळणारा घाम अंग थंड करत नाही. बंद रेनकोटमध्ये पाणी तर जातं, थंडावा मात्र मिळत नाही. भर पावसात डोकं जड होणं, मळमळणं, गळून गेल्यासारखं वाटणं अशा तक्रारी घेऊन कुणी आलं की मी आता आधी विचारते, अंगावर काय घातलं होतं?

त्वचेची गोष्ट तर रोजचीच आहे. जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत गजकर्ण. पावसाळ्यात आमच्या ओपीडीत हे रुग्ण रांगेने येतात, आणि त्यातले निम्मे दुकानातून स्वतःच आणलेलं स्टिरॉइडमिश्रित मलम चोळून आलेले असतात. त्याने खाज थांबते आणि बुरशी पसरते. गेल्या दहाएक वर्षांत देशभर हे गजकर्ण चिवट झालं आहे, नेहमीच्या औषधांना दाद देईनासं झालं आहे. ओल्या कपड्यात आठ तास काढणाऱ्याला कुठलंही मलम पुरत नाही. मग ती ओल पावसाची असो की घामाची, बुरशीला फरक पडत नाही.

पण हा लेख लिहायला बसले ती कारणं यातली नाहीत. कारण आहे एक मुलगी.

मानव विकास कार्यक्रमातून आपल्या भागातल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सकाळी गडचिरोलीकडच्या कुठल्याही रस्त्यावर या मुलींची रांग दिसते. त्यांतली एक, दहावीतली, सिकलसेलची 'एसएस' रुग्ण. शाळा पाच-सहा किलोमीटरवर. जुलैत हातापायांत असह्य वेदना म्हणून दाखल झाली. आदल्या दिवशी भिजून ओल्या गणवेशातच दिवसभर वर्गात बसली होती. बरी होऊन घरी गेली. वडिलांनी काळजीने जाड प्लास्टिकचा, गळ्यापासून पोटरीपर्यंत बंद रेनकोट आणून दिला. ऑगस्टमध्ये ती पुन्हा आली, तशाच वेदना. "या वेळी तर भिजलीच नाही जी," वडील म्हणाले. खोदून विचारलं तेव्हा कळलं, रेनकोटमध्ये ती घामाने निथळायची आणि शाळेत लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नव्हती.

सिकलसेलमध्ये दोन्ही गोष्टी घातक आहेत. ओल्या अंगाला वारा लागून त्वचा गार पडली की रक्तवाहिन्या आकसतात, रक्त संथ होतं आणि लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकतात. शरीरातलं पाणी कमी झालं तरी रक्त दाटून तेच होतं. म्हणजे त्या मुलीला पाऊसही बाहेर ठेवायचा आहे आणि घामही आत साठू द्यायचा नाही. माझ्यासारखीचं जॅकेट चुकलं तर कुर्ता बदलावा लागतो. तिचं चुकलं तर सलाइन आणि वेदनाशामक इंजेक्शनं.

मग घ्यायचं काय?

उत्तर रोवणीच्या बांधीत आहे. धान रोवणाऱ्या बाया डोक्यावरून पाठीवर प्लास्टिकची किंवा खताच्या पोत्याची खोळ घेतात. कोकणातलं इरलंही त्याच तऱ्हेचं. पाठ आणि डोकं झाकलेलं, पुढून आणि खालून सगळं मोकळं. काम कष्टाचं, हवा दमट, तेव्हा वाफेला कापडातून नाही तर कापडाखालून बाहेर काढायचं. सायकलसाठी याचंच रूप म्हणजे डोक्यातून घालायची सैल केप. दुकानात पोंचो म्हणून मागा. पुढची कड हँडलवर टाकायची, म्हणजे मांड्याही झाकल्या जातात आणि खालून वारा खेळता राहतो. कापड पूर्ण बंद असलं तरी चालतं, महागाच्या पापुद्र्याची गरजच नाही. मात्र केप मागच्या चाकात किंवा चेनमध्ये जाणार नाही इतकी आखूड हवी आणि कमरेला आतून बांधायची नाडी हवी. ओढणी चाकात अडकून पडलेल्या मुलींचे मनगट मी बरेच पाहिले आहेत. नदीच्या पुलावर आडवा वारा असेल तर केप शिडासारखी फुगते. तिथे उतरून चाललेलं बरं.

जॅकेटच हवं असेल तर लेबलवरचे आकडे वाचण्याआधी ते उलटंपालटं करून बघा. काखेत उघडता येणारी चेन आहे का? पाठीवर आडवी झडप आणि तिच्याखाली जाळी आहे का? शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का? नसेल तर पाणी कापडातून नाही, सुईच्या भोकांतून येतं. मागची बाजू लांब हवी, कारण सायकलवर आपण वाकलेले असतो. पाणी रोखण्याचा आकडा मिलीमीटरमध्ये असतो, कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा राहील याचा. रोजच्या सायकलीला पाच हजार मला पुरेसा वाटतो. आणि एक फुकटातली गोष्ट : दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड. अर्धं भिजणं वरून नसतं, खालून असतं.

टोपी कानांवरून घट्ट ओढून घेऊ नका. आपल्या रस्त्यांवर कोळशाचे आणि लोहखनिजाचे ट्रक मागून येतात आणि काही रस्त्यांना लागून जंगल आहे. दोन्हींसाठी कान उघडे आणि मान वळती हवी. रंग पिवळा किंवा नारिंगी घ्या. पण चमकदार फ्लुरोसंट रंग दिवसाउजेडीच काम करतो, अंधारात नाही. अंधारात दिसते ती दिव्याचा प्रकाश परत फेकणारी पट्टी, आणि ती पाठीपेक्षा घोट्यांवर जास्त उपयोगी, कारण वरखाली हलणारे पाय पाहून ड्रायव्हरला पुढे माणूस आहे हे लवकर कळतं.

सहा-सात किलोमीटरपर्यंत, निरोगी माणसाने, उबदार पावसात सरळ भिजत जाणं हाही एक उपाय आहे. मी हल्ली तेच करते. पातळ, लवकर वाळणारे कपडे अंगावर, कोरडा जोड आणि टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत, पोचल्यावर पाच मिनिटांत कपडे बदलायचे. भिजल्याने सर्दी होत नाही, ती विषाणूंमुळे होते. ताप आला तर 'भिजलो म्हणून आला' असं समजून घरी बसू नका. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा गडचिरोलीचा आहे. त्याच दिवशी आशाताईंकडे जाऊन रक्त तपासून घ्या. सिकलसेलच्या मुलाला ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर थेट रुग्णालय.

त्या मुलीसाठी आम्ही केप, दप्तरात कोरडा गणवेश आणि पाण्याची बाटली असं ठरवलं. मुख्याध्यापिकांशी बोलून मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली वर्गशिक्षिकेकडे ठेवायला लावली. हायड्रॉक्सियुरिया चालू आहेच. सप्टेंबरात ती आली ती फक्त गोळ्या न्यायला.

माझं महागाचं जॅकेट डिसेंबरात बाहेर निघतं. पहाटे दहा-बारा अंश, हवेत वाफ कमी, आत-बाहेरच्या दाबात भरपूर फरक. लेबलवर लिहिलंय तसं अगदी चोख काम करतं. पाऊस तेवढा नसतो.