कोरपन्याचा प्रश्न दिल्लीत

१८ डिसेंबर २०२५ ला लोकसभेने रोजगार हमीचा २००५ चा कायदा बाजूला सारणारं विधेयक मंजूर केलं. सभागृहात गोंधळ होता, घोषणा चालू होत्या आणि विधेयक आवाजी मतदानाने पार पडलं. २००६ च्या फेब्रुवारीत ही योजना देशातल्या ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाली, त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना-जिवतीच्या पहाडावर कापूस वेचून झाला की मजुराला दुसरं काम नसतं, म्हणून ही बातमी आमच्याकडे अर्थशास्त्राची नव्हती, मजुरीची होती. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर लोक साधं विचारत होते : आपल्या खासदारांनी काय केलं? प्रतिभाताई धानोरकर काँग्रेसच्या, काँग्रेसचा विधेयकाला विरोध, तेव्हा त्याही विरोधातच असणार हा अंदाज बरोबर आहे. पण त्या दिवशी चंद्रपूरने काय मत दिलं याची नोंद तुम्हाला कुठेही सापडणार नाही, कारण आवाजी मतदानात नोंद होतच नाही. कोणी मतविभागणी मागितली आणि अध्यक्षांनी ती घेतली, तरच बटणं दाबली जातात आणि आकडे उमटतात. वक्फ विधेयकाच्या वेळी, एप्रिल २०२५ मध्ये, अशी विभागणी झाली म्हणून २८८ विरुद्ध २३२ हे आकडे आपल्याला ठाऊक आहेत. बहुतेक कायद्यांच्या नशिबी तेवढंही नसतं.

आणि विभागणी झाली तरी ते मत खासदाराचं किती? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश निघाला की तो मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. मत पक्षाचं. भाषणाला वेळ किती मिळणार, तेही पक्षाच्या संख्याबळावर. मग मतदारसंघाचं म्हणून जे काही सभागृहात उरतं ते एकच : प्रश्न. पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, चिठ्ठीत नाव निघालं तर दिवसाच्या वीस तारांकित प्रश्नांत जागा मिळते, नाहीतर दोनशे तीस अतारांकित प्रश्नांत. मंत्र्याला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते कायमचं छापलं जातं. तुम्ही काय विचारावं हे सांगणारा पक्षादेश सहसा निघत नाही. म्हणून खासदाराची पारख करायची तर मी त्याचे प्रश्न काढून वाचतो. लग्नांना आला की नाही, मयतीला आला की नाही, हे हिशेब आमच्या तालुक्यात फार होतात. प्रश्नांचा हिशेब होत नाही, याचं मला वर्षानुवर्षं दुःख आहे.

या दुःखाला २०२३ साली धार आली. ३० मे २०२३ ला आमचे खासदार बाळूभाऊ धानोरकर गेले, पन्नाशीही न गाठता. २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निवडून आलेले ते काँग्रेसचे एकमेव खासदार होते. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून थोडे दिवस जास्तच. वर्षाहून अधिक मुदत उरली असेल तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असं लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं तरच सूट. आयोगाने ती सूट घेतली. खासदार गिरीश बापटांच्या निधनानंतर पुण्याचीही हीच गत झाली होती. तिथला एक मतदार उच्च न्यायालयात गेला, डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ताबडतोब निवडणूक घ्या असं बजावलं आणि जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. चंद्रपूरसाठी तसा आवाज उठला नाही. आम्ही गप्प राहिलो.

त्या वर्षात काय काय झालं ते एकदा नीट आठवून पाहा. २६ जुलै २०२३ ला लोकसभेत वन संवर्धन कायद्यातली दुरुस्ती मंजूर झाली. दोन दिवसांनी खाणी आणि खनिजांच्या कायद्यातली. जंगल आणि खाणी! ज्या जिल्ह्याच्या नकाशावर या दोनच गोष्टी ठळक दिसतात, त्याची खुर्ची त्या आठवड्यात रिकामी होती. २० सप्टेंबरला महिला आरक्षण ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं, त्या ४५४ मध्ये चंद्रपूर नाही. डिसेंबरमध्ये नवे फौजदारी कायदे आले, तेव्हाही नाही. पुराने वाहून गेलेल्या शेताबद्दल केंद्राला विचारायचं तर विचारणार कोण, हे कोरपन्याच्या शेतकऱ्याला सांगता येत नव्हतं. सदस्याचं सदस्यत्व संपलं की त्याच्या नावावर प्रलंबित असलेली खासगी विधेयकंही यादीतून निघतात. मतदारसंघाची पाटी कोरी झाली आणि वर्षभर कोरीच ठेवली गेली.

मागे हा मतदारसंघ असा नव्हता. १९६२ मध्ये इथून लाल श्याम शाह हे आदिवासी राजे अपक्ष निवडून गेले आणि सरकारच्या आदिवासीविषयक धोरणाच्या निषेधात त्यांनी १९६४ मध्ये लोकसभेचा राजीनामा दिला. त्याच वर्षी पोटनिवडणूक होऊन दिवंगत मुख्यमंत्री कन्नमवारांच्या पत्नी ताई कन्नमवार दिल्लीला गेल्या. रस्ते नव्हते, फोन नव्हते, चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर जिल्हा, आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता, तरी निवडणूक घेणं त्या वेळी अवघड ठरलं नाही.

आमचा राजुरा-कोरपन्याचा टापू तर पहिल्या निवडणुकीत चांद्यात नव्हताच. आम्ही हैदराबाद राज्यातले, आदिलाबाद जिल्ह्यातले. १९५६ मध्ये नांदेडला जोडले गेलो आणि १९५९ मध्ये चांद्याला. दिल्लीत आमचं म्हणणं मांडणारा माणूस कोण, हा गोंधळ आमच्या रक्तातच आहे. जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या चौदा गावांत तो अजून चालू आहे. तिथे दोन राज्यांच्या शाळा आहेत, दोन राज्यांची रेशनकार्डं आहेत, मतदानही दोन्हीकडे आहे. म्हणायला दोन खासदार असलेली गावं ती. त्यांच्या शेतीचे पट्टे मात्र दोघांनाही मार्गी लावता आले नाहीत.

मधली वर्षं मी भराभर ओलांडतो. १९७७ ला अहेरीचे राजे विश्वेश्वरराव आले, विदर्भाचा झेंडा घेऊन. १९८० पासून सलग चार वेळा शांतारामजी पोटदुखे. सभ्य, वाचणारे गृहस्थ, नरसिंह रावांच्या काळात अर्थखात्यात मंत्री होते, चंद्रपुरात त्यांनी शिक्षणसंस्था उभी केली. पण त्याच काळात गडचांदूर, आवारपूर इथे सिमेंटच्या चिमण्या उभ्या राहिल्या, माणिकगड पहाडाची चुनखडी खणली जाऊ लागली, आणि त्या बदल्यात आदिवासींना, कोलामांना काय मिळणार हे दिल्लीत कोणी पोटतिडकीने विचारलं, असं मला आठवत नाही. रूळ आले ते गडचांदूरपर्यंत, सिमेंट वाहून न्यायला. माणसांना आदिलाबादकडे नेणारी रेल्वे आम्ही अजून मागतो आहोत. १९९८ आणि १९९९ ला नरेशबाबू पुगलिया निवडून आले. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

मला थांबायचं आहे ते २००४ ते २०१४ या दहा वर्षांपाशी. हंसराजभैया अहीर १९९६ ला एकदा निवडून आले होते, पण ते खरे दिसले ते या काळात, विरोधी बाकांवर. माझं आणि त्यांच्या पक्षाचं कधी जमलं नाही, आजही जमत नाही. तरी लिहिलं पाहिजे ते लिहितो : प्रश्न विचारणं म्हणजे काय, हे चांद्याच्या मतदारांना या माणसाने दाखवलं. कोळशाच्या खाणी लिलाव न करता खासगी कंपन्यांना वाटल्या जात होत्या. त्या कोणाला, कोणत्या निकषावर, यावर ते वर्षानुवर्षं प्रश्न, पत्रं आणि तक्रारी घेऊन बसले. सुरुवातीला त्यांच्याच पक्षात कोणी फारसं ऐकत नव्हतं.

लक्षात घ्या, हे त्याच सभागृहात चालू होतं जिथे डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. दोन्ही सभागृहांतून मिळून अकरा जणांना हाकललं गेलं आणि त्यांत आपल्या खानदेशातले दोघे होते. प्रश्नाची किंमत बाजारात काय लागते हे देशाने तेव्हा पाहिलं. चांद्याचा खासदार त्याच काळात कोळसा मंत्रालयाला फुकट प्रश्न विचारत होता.

ही उत्तरं वाचायला चिकाटी लागते. प्रश्नाचे क, ख, ग, घ असे भाग, आणि चारही भागांना मिळून एकच परिच्छेद. आकडा मागितला की विवरण जोडलं आहे म्हणतात, आणि विवरणात राज्याची बेरीज असते, जिल्ह्याची नसते. अडचणीचा प्रश्न असला की ठरलेलं उत्तर येतं : माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल. सामान्य माणसाला वाटतं की संपलं. पण नियमाने ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करावं लागतं, त्यावर लक्ष ठेवायला संसदेची वेगळी समिती आहे. जो खासदार पुढच्या अधिवेशनात तोच धागा पुन्हा ओढतो त्याच्या हाती काहीतरी लागतं. अहीर ओढत राहिले. २०१२ मध्ये त्यांनी आणि प्रकाश जावडेकरांनी दक्षता आयोगाकडे तक्रार केली, ती सीबीआयकडे गेली, ऑगस्टमध्ये महालेखापरीक्षकांचा १ लाख ८६ हजार कोटींचा आकडा आला आणि २४ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने २१४ खाणींचं वाटप रद्द केलं. कोळशासाठी जाणाऱ्या जमिनीला एकरी सहा, आठ, दहा लाखांचे दर मिळाले, तोही विषय त्यांनीच लावून धरला होता. त्याआधी सरकारी खाणीत जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या हातात काय पडायचं, हे पैनगंगा खाणीच्या आसपास, गाडेगावकडे जाऊन कोणालाही विचारा.

आता माझी तक्रार. रद्द झालेल्या खाणींत भद्रावती तालुक्यातली बरांजची खाणही होती. जमीन गेली, गाव उठायचं ते अर्धवट उठलं, खाण बंद पडली, कामगार आणि प्रकल्पग्रस्त वर्षानुवर्षं लटकत राहिले. दिल्लीत विजय झाला तेव्हा बरांजच्या माणसासाठी तेवढ्याच चिकाटीने विचारणारा कोणी उरला नव्हता, कारण नोव्हेंबर २०१४ पर्यंत अहीर रसायने व खते राज्यमंत्री झाले होते. मंत्री प्रश्न विचारत नाही, तो उत्तरं देतो. आमचा सर्वांत चांगला प्रश्नकर्ता आम्ही मंत्रिपदाच्या आनंदात गमावला आणि गुलाल उधळला. २०२० मध्ये व्यावसायिक खाणकामासाठी कोळशाचे लिलाव निघाले तेव्हा ताडोब्याजवळचा बंदरचा पट्टाही यादीत होता. आरडाओरड झाल्यावर तो वगळला गेला. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात करोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला गेला, फक्त लेखी उत्तरं उरली. शेतीचे तीन कायदे त्याच अधिवेशनात झाले, लोकसभेत आवाजी मतदानाने. तेव्हाच मला कळून चुकलं की आमच्या हातातलं शेवटचं हत्यारही बोथट केलं जात आहे.

दुसरी तक्रार जुनी आहे आणि ती सर्वांवर आहे, सर्व पक्षांवर. डिसेंबर २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला, देशाने त्याचं कौतुक केलं, मीही केलं. पण पहाडावर आमच्याकडे जे लोक मराठवाड्यातून साठ-सत्तरच्या दशकांत, दुष्काळात, पोटासाठी आले, बंजारा, दलित आणि इतरही, त्यांना, म्हणजे इतर पारंपरिक वननिवासींना, हा कायदा म्हणतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, इथे राहिल्याचा पुरावा आणा. १९३० चा पुरावा! तेव्हा इथे निजामाचा अंमल होता. जिवतीकडच्या एका म्हाताऱ्याने मला प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून दाखवले होते : अतिक्रमणाबद्दल वन खात्याने केलेल्या दंडाच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या, घडीवर फाटलेल्या, मागे मेणकापड चिकटवलेलं. सरकारनेच दिलेला पुरावा की हा माणूस त्या जमिनीवर होता. दावा नामंजूर. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही, आणि कापूस हमीभावाने विकायचा तर तिथेही सातबाराच लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं तेव्हा भाव पडण्याची धास्ती सगळ्यांनाच होती, पण ज्याच्या नावावर शेतच नाही त्याला सरकारी खरेदीचा आडोसाही नव्हता.

हा तीन पिढ्यांचा प्रश्न कोळशासारखा, अधिवेशनामागून अधिवेशन, क-ख-ग करून कोणी लावून धरला असता तर? अहिरांकडे दहा वर्षं होती आणि हातोटी होती. बाळूभाऊंकडे रस्त्यावरचा आवाज होता, वेळ मिळाला नाही. प्रतिभाताईंना २०२४ मध्ये राज्याच्या वनमंत्र्यांविरुद्ध २ लाख ६० हजारांहून अधिक मताधिक्य मिळालं. एवढी मतं देऊन लोकांनी काय मागितलं, हे आम्हीच कधी कागदावर लिहून दिलं नाही. शेतकरी संघटनेच्या आंदोलनांत वाढलेला हा तालुका. रास्ता रोको आम्हाला शिकवावा लागत नाही. पंधरा दिवस आधी लिहून द्यायचा प्रश्न मात्र आम्ही तयार करत नाही.

म्हणून मी तो लिहून ताईंकडे पाठवतो आहे आणि इथेही देतो. आदिवासी कार्यमंत्री सांगू शकतील काय : (क) चंद्रपूर जिल्ह्यात जिवती, कोरपना आणि राजुरा तालुक्यांत इतर पारंपरिक वननिवासींचे किती वैयक्तिक दावे दाखल झाले व तीन पिढ्यांच्या पुराव्याअभावी किती नामंजूर झाले, तालुकानिहाय, (ख) वन खात्याच्या दंडाच्या पावत्या जोडलेले त्यांपैकी किती, (ग) १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात असलेल्या या भागाचे जुने महसुली दप्तर कोठे आहे व ते दावेदारांना उपलब्ध करून देण्यात आले आहे काय, (घ) नसल्यास, त्याची कारणे कोणती?