चरा कोणी पाडला?

निपाणीकडील आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचे सारे आयुष्य तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात गेले. आता दृष्टी मंदावली आहे आणि कानही थोडे जड झाले आहेत. तरुणपणी निपाणीत किंवा कोल्हापुरात नाटक मंडळी आली की झोपेची पर्वा न करता ते नाटकाला जात. हे जाणून त्यांच्या कन्येने गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरातील एका दुकानातून जुन्या मराठी नाटकांचा सहा डीव्हीडी तबकड्यांचा संच आणून दिला. पेटी नवी कोरी, वर पारदर्शक वेष्टन, त्यावर सोनेरी अक्षरे! आजोबांच्या मुखावरील आनंद आम्ही स्वतः पाहिला.

कोणी म्हणेल, आता मोबाइलवर सर्व काही दिसत असता ही तबकड्यांची उठाठेव कशाला? पण ज्याला मोबाइलच्या पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत, ज्याच्या वाडीत पावसाळ्यात नेटवर्क राहत नाही आणि ज्याच्या घरी जुना प्लेअर अजून चालतो, त्याला आपल्या मालकीची, हातात धरता येण्याजोगी वस्तूच बरी वाटते. आज मोबाइलवर असलेले नाटक उद्या तेथून नाहीसे होऊ शकते; ट्रंकेतील तबकडी जागच्या जागी राहते.

संच शनिवारी आला. दुसऱ्याच दिवसापासून दर रविवारी दुपारी एक नाटक, असा नेम ठरला. पेटी आजोबांच्या ट्रंकेत कुलपात असे. रविवारी ते त्या दिवसाची तबकडी काढून देत आणि त्यांचा दहा वर्षांचा नातू ती प्लेअरमध्ये घाली. तीन रविवार उत्तम गेले. चौथ्या रविवारी तिसरा अंक रंगात आला असताना चित्र थबकले, पडद्यावर रंगीत चौकोन नाचू लागले, आवाज अडखळला आणि सारे बंद पडले. तबकडी काढून उजेडात धरली, तो तिच्या कडेजवळ लांब चरा!

मग जे बहुतेक घरांत होते तेच येथेही झाले. तबकडी कोणी हाताळली? मुलाने. मग चरा कोणी पाडला? मुलानेच. त्याला मार बसला. सायंकाळी त्याला आमच्यापुढे उभे करण्यात आले. "फादर, या पोरानं घात केला बघा," आजोबा म्हणाले. आम्हीही काही चौकशी न करता त्या मुलास दोन कठोर शब्द ऐकविले. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु लिहिलेच पाहिजे.

मुलगा खाली मान घालून उभा होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "फादर, सहावी बघा की. ती तर मी हातात बी घेतली न्हाई."

आजोबांनी ट्रंक उघडून पेटी आमच्या हाती दिली. आतील प्लॅस्टिकच्या घरांत मध्यभागी तबकडी धरून ठेवणारे बारीक दात असतात. चौथ्या आणि सहाव्या घरांतील दात मोडलेले होते आणि त्यांचे कण पेटीच्या तळाशी खुळखुळत होते. सहावी तबकडी उजेडात धरली. तिच्यावरही तसाच वाकडा, कमानीसारखा चरा! जी तबकडी कुलपाबाहेर आलीच नाही, ती त्या बालकाने कशी बिघडविली असेल? आजोबांचे डोळे भरून आले. त्यांनी नातवाला जवळ ओढले. आम्हीही त्या मुलाची क्षमा मागितली.

वाचकहो, यासारख्या लहानशा वस्तूवरून घरात अन्याय होऊ नये, म्हणून ती वस्तू कशी असते हे थोडे समजून घेणे इष्ट आहे.

डीव्हीडीची तबकडी १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन पातळ थर एकमेकांस चिकटवून ती बनवितात आणि चित्र व आवाज यांची नोंद या दोहोंच्या मध्ये असते. ही नोंद म्हणजे सूक्ष्म खळग्यांची एक सलग सर्पिलाकार वाट. एका साध्या थराची वाट उलगडली तर ती ११ ते १२ किलोमीटर भरेल, म्हणजे बेळगाव शहरातून सांब्र्याच्या विमानतळाला जाण्याएवढी! प्लेअरमधील लाल लेसर किरण खालील थरातून आरपार जाऊन ती वाट वाचतो. चरा बहुधा या खालच्या थराच्या पृष्ठभागावर असतो. मूळ नोंद शाबूत असते, पण किरण वाटेतच विस्कटतो. चष्म्याच्या काचेवर ओरखडा आला म्हणून पुस्तकातील अक्षरे पुसली जात नाहीत. तसेच हे आहे.

लहानसहान चऱ्यांची दुरुस्ती प्लेअर आपल्या आपणच करतो. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० साली चुका शोधून दुरुस्त करणारी एक सांकेतिक पद्धत मांडली. तिच्या आधारे हरवलेला मजकूर शेजारच्या मजकुरावरून पुन्हा जुळविता येतो. म्हणूनच मध्यापासून कडेकडे सरळ जाणारा चरा फारसा बाधत नाही, कारण तो प्रत्येक फेरीचा अल्पसा भागच झाकतो. परंतु जो चरा वर्तुळाच्या दिशेने, वाटेबरोबरच धावतो, तो एका जागचा पुष्कळसा मजकूर एकदम गिळतो आणि तेथे ही युक्ती थकते. आजोबांच्या तबकडीवरील चरा याच जातीचा होता. नोंद मध्यापासून सुरू होऊन कडेकडे जाते, म्हणून कडेजवळच्या चऱ्याने शेवटचा अंक अडविला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काही तबकड्यांत नोंदीचे दोन थर असतात. पहिला संपून दुसरा सुरू होताना, बहुधा चित्रपटाच्या मध्यास, चित्र क्षणभर थांबते आणि पुढे चालू लागते. हा दोष नव्हे. तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नये आणि मुलांवरही रागावू नये.

मग नव्या पेटीत चरे येतात कोठून? मुख्य कारण म्हणजे वाहतूक. दात मोडला की तबकडी घरातून सुटते आणि ट्रकच्या प्रत्येक गचक्याबरोबर प्लॅस्टिकवर घासत राहते. अशा चऱ्यांचा आकार कमानीसारखा असतो. काही स्वस्त संचांत तबकड्या पुठ्ठ्याच्या अरुंद पाकिटांत कोंबलेल्या असतात. त्या ओढून काढताना त्यांवर सरळ, एकमेकांस समांतर रेघा उमटतात. प्लेअर बिघडल्याने पडणारा चरा कंपासाने काढल्यासारखा वर्तुळाकार असतो. हातून पडून किंवा जमिनीवर घासून आलेले चरे आखूड आणि वेड्यावाकड्या दिशांचे असतात. या खुणांवरून दर वेळी अचूक निवाडा होईलच असे नाही. परंतु मुलावर हात उगारण्यापूर्वी एवढे पाहण्यास दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस बाजारात आणल्या, तेव्हा तबकड्यांचा मोठा सुकाळ झाला होता. पुढे लोक मोबाइलकडे वळले, आणि २०१८ साली ती कंपनीही अवसायनात निघाली. आज दुकानांत 'नवे' म्हणून मिळणारे पुष्कळ संच असे वर्षानुवर्षे फळीवर पडून राहिलेले, या गोदामातून त्या गोदामात फिरलेले असतात. वेष्टन नवे म्हणून आतील माल निर्दोष असे समजू नये. तसा संच पुन्हा निघेलच याची शाश्वती नसल्यामुळे तपासणीस विलंब करून चालत नाही.

तेव्हा संच घेताना पुढीलप्रमाणे वागावे. दुकानातच पेटी कानाशी धरून हलकेच हलवावी; आत खडखडले तर दुसरी मागावी. बिल अवश्य घ्यावे आणि जपून ठेवावे. घरी पेटी उघडताना कोणाकडून तरी मोबाइलवर चित्रण करून घ्यावे. मग एकच नव्हे, साऱ्या तबकड्या त्याच दिवशी काढून दिव्याखाली तिरप्या धरून पाहाव्यात. काढताना मधला खटका बोटाने दाबावा. कडेला धरून ओढल्यास तबकडी वाकते आणि मधल्या छिद्राजवळ तडा जातो. त्याच आठवड्यात प्रत्येक तबकडीचा आरंभ, मध्य आणि अखेर लावून पाहावी. अडली तर लगेच तबकडीला दोष न देता ती शेजाऱ्याच्या प्लेअरवर लावावी, कारण पुष्कळदा प्लेअरच्या भिंगावरच धूळ बसलेली असते. आमच्या आजोबांची चूक एवढीच की त्यांनी आठवड्याला एक या नेमाने तपासणीही लांबविली.

तबकडीवर बोटांचे डाग असल्यास मऊ सुती कापड किंचित ओले करून मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. गोल गोल पुसू नये. पेट्रोल किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव कदापि लावू नये. त्याने प्लॅस्टिक खराब होते. चऱ्यावर टूथपेस्ट घासण्याचा उपाय बऱ्याच घरांत करतात. जुन्या तबकडीवरील उथळ चऱ्यास कधी कधी त्याचा गुण येतो, परंतु नव्या तबकडीवर तो प्रयोग करू नये. तसे केल्यास मूळ दोष कोणता आणि आपण केलेला कोणता, हे सांगता येत नाही आणि परत करण्याचा मार्ग आपल्याच हाताने बंद होतो.

आता हक्काविषयी. आमच्या सीमाभागात खरेदी कोल्हापुरास आणि वास्तव्य बेळगाव जिल्ह्यात, असे नित्याचेच आहे. "दुकान महाराष्ट्रातले, आम्ही कर्नाटकातले, आमची दाद कोण घेणार?" असे म्हणून माणसे गप्प बसतात. ही समजूत आता खरी नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याप्रमाणे ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे निपाणीच्या माणसाने कोल्हापुरात घेतलेल्या मालाची तक्रार बेळगावात चालू शकते. माल सदोष असूनही तो परत घेण्यास व पैसे देण्यास बिलावरील मुदतीत नकार देणे, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांच्या आत नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा होय. आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या मालासाठी शुल्क लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी केल्यास पुष्कळशी प्रकरणे तेथेच मिटतात.

आजोबांबरोबर आणि त्या मुलाबरोबर आम्ही एस.टी.ने कोल्हापुरास गेलो, तो खरेदीपासून सव्विसावा दिवस होता. दुकानदार प्रथम म्हणाले, "आठ दिवसांनंतर आम्ही काही घेत नाही." बिलावर मुदतीचा उल्लेख नव्हता. आम्ही आवाज न चढविता मोडलेले दात, त्यांचे कण आणि दोन्ही तबकड्यांवरील सारखेच चरे दाखविले व कायद्यातील ३० दिवसांची गोष्ट सांगितली. दुकानदार भले गृहस्थ निघाले. त्यांनी गोदामात शोध केला, परंतु तसा दुसरा संच उरला नव्हता. शेवटी त्यांनी संच ठेवून घेतला आणि पूर्ण रक्कम परत केली.

पैसे घेऊन आम्ही बाहेर पडतो आहोत, तोच त्या मुलाने मागे वळून विचारले, "पहिल्या तीन चांगल्या होत्या, त्यांचे पैसे बी घ्यायचे व्हय?" दुकानदार हसले आणि म्हणाले, "बाळ, संच फोडून विकता येत नाही, तेव्हा घे." पण प्रश्न योग्यच होता. घरी आपल्या हातून चरा पडलेली तबकडी "अशीच निघाली" म्हणून परत करणारे लोकही आम्हांस ठाऊक आहेत. जो कायदा आपल्याला दुकानदाराच्या अन्यायापासून वाचवितो, त्याच्या आडून दुकानदारावर अन्याय करू नये. आपला दोष असेल तर तोटा आपण सोसावा; दुसऱ्याचा असेल तर तो शांतपणे, पुराव्यानिशी त्याच्या पदरी घालावा. आणि दोष कोणाचा हे कळेपर्यंत कोणाच्याही पदरी घालू नये, विशेषतः ज्याला आपली बाजू मांडता येत नाही त्याच्या.

परतीच्या वाटेवर आजोबा खिडकीपाशी बसले होते. अर्धवट राहिलेले ते नाटक त्यांनी पूर्वी रंगभूमीवर पाहिले होते. कागलच्या पुढे गाडी निघाली तेव्हा मुलगा म्हणाला, "आजोबा, मग शेवटी काय होतं?" आजोबांनी घसा खाकरला आणि तिसरा अंक सांगावयास आरंभ केला. निपाणीचे स्टँड आले तरी तो संपला नव्हता.