डिकॉइलर : पूर्वप्रतिबलित काँक्रीट उद्योगातील एक दुर्लक्षित उपकरण

प्रस्तावना : अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी-श्रीरामपूर परिसरात २०११ पर्यंत मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था वीज वितरित करीत होती, नंतर ते काम महावितरणकडे आले. ग्रामीण वीजवाहिन्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पूर्वप्रतिबलित सिमेंट खांबांचे बळ आतील पोलादी तारेत असते. ही तार उलगडणाऱ्या डिकॉइलरचे कार्य प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

रचना व कार्य : आय. एस. १७८५ या मानकानुसार ४ मि.मी. तारेचे किमान ताणसामर्थ्य प्रति चौ.मि.मी. १७१५ न्यूटन असावे लागते. ५०० किलोच्या वेटोळ्यात अशी सुमारे ५ कि.मी. तार मावते. वेटोळे स्थिर ठेवून तार वरून ओढल्यास प्रत्येक फेऱ्यास एक पूर्ण पीळ पडतो. मुरडलेली तार ताण देताना तुटू शकते. डिकॉइलरमध्ये वेटोळे बेअरिंगवरील चकतीवर ठेवतात. तारेबरोबर वेटोळेच फिरत असल्याने पीळ पडत नाही.

ब्रेक व सुरक्षितता : ओढ थांबली तरी जडत्वामुळे वेटोळे फिरत राहते व सैल झालेली तार गुंतते, म्हणून ब्रेक अनिवार्य ठरतो. बंधनपट्टी कापताच तारेत साठलेली ऊर्जा मोकळी होऊन तिचे टोक कामगाराच्या अंगावर उसळते. त्यामुळे वेटोळे पिंजऱ्यात बसविल्यानंतरच पट्ट्या कापणे आवश्यक आहे.

समारोप : चकती, बेअरिंग, ब्रेक व पिंजरा एवढ्याच घटकांचे हे उपकरण महाविद्यालयीन कार्यशाळेतही तयार करता येईल. जडत्व व स्थितिस्थापकता शिकविताना त्याचा उपयोग केल्यास कामगारांच्या सुरक्षिततेचा विचारही अध्यापनात येईल.