समुद्रकाठची वास्तू कशी पाहावी



कर्जतसारख्या कोरड्या गावी समुद्रकाठच्या वास्तूंविषयी बोलायचे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आपल्या तालुक्याला समुद्र नाही आणि पावसाचीही ओढच. परंतु आपल्याच तालुक्यातल्या सिद्धटेकला जाऊन आलेल्या माणसाला या विषयाची बाराखडी आधीच ठाऊक असते, असे माझे म्हणणे आहे. तेथे देवाला प्रदक्षिणा घालायची तर अवघ्या टेकडीला फेरी घालावी लागते. सुमारे पाच किलोमीटरांची वाट पडते. मुखाने आपण सिद्धिविनायकाचे नाव घेत असतो आणि डोळ्यांना भीमेचे पात्र, टेकडीचा उतार व मधूनच देवळाचा कळस दिसत असतो. देऊळ एकटे दिसत नाही. नदी आणि टेकडी यांच्यासकट दिसते. पूर येणाऱ्या नदीच्या काठी देऊळ उंचवट्यावर का बांधले, हे मग कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आज मला एवढेच सांगावयाचे आहे की, पाण्याकाठची वास्तू हे पाण्याने घातलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. आधी प्रश्न पाहावा आणि मग उत्तर पाहावे. हा क्रम सांभाळला तर सोबत वाटाड्या नसला तरी चालते. उदाहरणादाखल आपण अलिबागची एक सकाळ घेऊ.

अलिबागच्या समोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. छत्रपती शिवाजीमहाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० साली, त्याचे काम सुरू झाले आणि संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे बनले. भरतीच्या वेळी किल्ला चोहोबाजूंनी पाण्यात असतो. ओहोटीला वाळू आणि खडक उघडे पडतात व माणूस पायी तटापर्यंत जातो. तेव्हा या फेरीचा पहिला प्रश्न वेळेचा आहे.

ही वेळ काढण्याचे साधन आपल्या भिंतीवरच टांगलेले असते. कोकणातला जुना आडाखा असा की, पक्षातील तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीच्या ऐन वेळेचे तास मिळतात. चतुर्थीची पाऊणपट तीन. म्हणून भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारीही. दोन भरतींत साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते. म्हणजे ओहोटीचा तळ सकाळी पावणेनऊ-नऊला येणार. अष्टमीची पाऊणपट सहा. त्या दिवशी ओहोटी दुपारी बाराला. मग अष्टमी सोयीची, असे कोणी म्हणेल. पण तेथे मेख आहे. अष्टमीच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका दिशेला नसते, म्हणून पाणी थोडेच चढते आणि थोडेच उतरते. त्याला कोकणात भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघांची ओढ एकवटते, ते उधाण. उधाणाला पाणी पुष्कळ खाली जाते, पण तळ येतो सकाळ-संध्याकाळी सहाला. तेव्हा मधला मार्ग द्वितीया ते चतुर्थीचा. सिद्धटेकला आपण चतुर्थीला जातोच. कुलाबा किल्ल्यातही सिद्धिविनायकाचेच मंदिर आहे, हा योग चांगला जुळतो!

मात्र हा आडाखा झाला, प्रमाण नव्हे. त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे, किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारावे आणि पावसाळ्यात हा बेत मनातही आणू नये. पाणी उतरत असताना जावे आणि तळ येऊन गेला की रेंगाळू नये.

वाळूतून चालताना किल्ल्याकडे पाहण्याआधी पायांखाली पाहावे. वाळूतून मधूनमधून काळा खडक डोके वर काढतो. हा आपला परका नव्हे. कर्जतच्या विहिरींत सुरुंगाने फोडावा लागतो तोच हा काळा पत्थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांनी महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकला, त्याचाच हा पश्चिमेकडचा काठ. किल्ल्याचा पाया म्हणजे हा खडकच. तेवढा भाग निसर्गाने बांधून ठेवलेला होता.

आता तटाजवळ जावे. मोठमोठे चिरे एकावर एक रचलेले दिसतात आणि सांध्यांत चुना भरलेला दिसत नाही. आपल्याला वाटते, चुना झडला असेल किंवा काम घाईचे असेल. पण प्रश्न आठवावा. येथे शत्रू दोन होते. तोफा वर्षा-दोन वर्षांनी कधी येणार. लाट दिवसरात्र येणार. भिंत सलग आणि बंद असती तर लाटेचा सगळा मार तिने अंगावर घेतला असता, आणि आत शिरलेले पाणी बाहेर पडण्यासाठी तिला आतून रेटत राहिले असते. येथे लाट फटींतून आत जाते, तिचा जोर मोडतो आणि पाणी आल्या वाटेने परत जाते. आपल्या शेताच्या ताली रचताना जाणता माणूस सांधे बुजवीत नाही. पावसाचे पाणी झिरपून जाते आणि ताल उभी राहते. मापे निराळी, पण विद्या तीच.

उत्तरेला खडकावर सर्जेकोट नावाचा छोटा कोट आहे आणि मुख्य किल्ल्याशी तो दगडी बांधाने जोडलेला आहे. त्याचेही कारण भूमीत आहे. तो खडक मोकळा सोडला असता तर शत्रूने तेथे तोफा चढवून किल्ल्यावर मारा केला असता. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली आणि ती फसली. कान्होजी आंग्र्यांच्या पराक्रमाला त्याचे श्रेय आहेच. पण ज्यांनी खडक, वाळू आणि भरती यांचा हिशेब आधीच करून ठेवला, त्या गवंड्यांनाही त्यात वाटा द्यावा.

महादरवाजातून आत गेल्यावर सिद्धिविनायकाचे मंदिर लागते. राघोजी आंग्र्यांनी ते १७५९ साली बांधले. दर्शन घेऊन गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी थांबावे. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मधोमध गोडे पाणी, याला लोक चमत्कार म्हणतात. त्याची रीत समजून घेतली तर चमत्कार कमी होत नाही. खारे पाणी गोड्या पाण्याहून शेकडा अडीच-तीन भागांनी जड असते. तटाच्या आत पडलेला पाऊस मातीत आणि खडकाच्या भेगांत मुरतो व खाऱ्या पाण्यावर साय धरावी तसा तरंगून राहतो. विहीर ही त्या सायीपर्यंतच खणलेली असते. हलक्या हाताने शेंदावे, तोवर पाणी गोड. हाव धरून उपसले की साय फाटते आणि खालचे खारे पाणी वर येते. मग कितीही खोल खणून उपयोग नाही, कारण खाली खारटच आहे.

परत किनाऱ्यावर आल्यावर अलिबागची चुंबकीय वेधशाळा बाहेरून पाहावी. मुंबईतील कुलाबा आणि हा कुलाबा किल्ला, हे दोन निराळे. मुंबईच्या कुलाब्यास पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुई बहकणार, म्हणून ते काम १९०४ साली अलिबागेस आणले. आता पाहा, भोवती हवा तेवढा काळा पत्थर असताना इमारतीसाठी दगड आणला पोरबंदरहून! आपल्या काळ्या पत्थरात लोहाचा अंश असतो आणि तो सुईला ओढतो. म्हणून दगड परगावचा आणि खिळे-बिजागऱ्यांनाही लोखंड वर्ज्य. किल्ल्याला जो दगड तारक, तोच येथे बाधक. दगड चांगला की वाईट हे दगडावर नव्हे, प्रश्नावर ठरते.

शेवटी उत्तरेस वरसोलीकडे वळावे. समुद्राकडून आत येताना क्रम ध्यानात धरावा : आधी वाळू, मग वारा अडविणारी सुरूची झाडे, मग नारळ-सुपारीची वाडी, आणि तिच्या आडोशाला घर. घराचे जोते उंच, छप्पर उतरते आणि पडवीचा पाखा इतका खाली की, आत शिरताना मान लववावी लागते. अलिबागेस वर्षाला दोन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या चौथाईच्या आसपास. म्हणून त्यांचे छप्पर पाणी झटकून टाकते आणि आपले माळवद ऊन अडवते. तिकडे माळवद बांधले तर एका पावसाळ्यात खाली येईल. इकडे पत्र्याखाली वैशाखात बसून पाहा, म्हणजे आजोबा माळवदाखाली का निजत ते कळेल.

ही फेरी केवळ मौजेची आहे, असे कृपा करून समजू नये. प्रश्न विसरला की उत्तराचा नाश होतो. १८४० साली आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले आणि दोनच वर्षांनी इंग्रजांनी किल्ल्यातील लाकडी इमारती लिलावात काढल्या. चिरे अलिबागच्या पाण्याच्या कामी लावले. तो परक्यांचा व्यवहार होता. आज आपण काय करतो? वाड्या तोडून बंगले उठतात, सुरू हटते, विहिरींना पंप बसतात आणि मग पाणी मचूळ झाले म्हणून टँकर मागविला जातो.

आणि त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला कोठे आहे? आपल्या विहिरीखाली समुद्र नाही, पण आकाशातून येईल तेवढेच पाणी आपलेही भांडवल. ते मुरण्यापूर्वीच वाहू द्यायचे आणि विंधणविहीर दरसाल खोल न्यायची, हा सायच फाडण्याचा प्रकार झाला. जुन्या आडांचे काठ, शेतांच्या ताली, पडकी माळवदे ही आपल्या भूमीच्या प्रश्नांना आपल्या वाडवडिलांनी दिलेली उत्तरे आहेत. ती सगळीच आज जशीच्या तशी चालतील असे मी म्हणत नाही. पण मोडण्यापूर्वी ती वाचावी तरी.

अलिबागेस जाणे सर्वांनाच जमेल असे नाही. सिद्धटेक मात्र सर्वांना जमण्यासारखे आहे. येत्या चतुर्थीला टेकडीची फेरी घालताना घरातल्या एखाद्या मुलाला बरोबर घ्यावे आणि त्याला काही न सांगता एवढेच विचारावे : देऊळ येथेच का बांधले असेल? तो उत्तर शोधू लागला की आजच्या व्याख्यानाचे काम झाले.