खायचं काम नाही!

सोप्या कामाला ‘पीस ऑफ केक’ म्हणतात, हे इंग्रजी आम्ही मास्टर्स करताना शिकलो. जर्मनीत नोकरीला लागल्यावर मात्र नवं ताट पुढे आलं. बैठकीत न विचारता कोणी मत दिलं, की त्यानं ‘आपला झेन्फ घातला’, म्हणजे मोहरीची चटणी! आपण भाकरी कमावतो, हे लोक ‘ब्रोट्शेन’, म्हणजे छोटे पाव कमावतात. हात आखडता घ्यायचा असेल तर ‘आणखी लहान पाव भाजतात’. शाळेत कॉपी करणं म्हणजे ‘श्पिकन’; मांसात चरबीचे तुकडे खोचण्यालाही हाच शब्द. आणि अवघड अभ्यास म्हणजे ‘काईन त्सुकरश्लेकन’, साखर चाटणं नव्हे. आपलं ‘खायचं काम नाही’ते हेच की!

मुलांना हे सारं शाळेच्या अंगणात आपोआप मिळतं. मराठी वाक्प्रचारांना मात्र आपलं जेवणाचं टेबल हीच एक शाळा. तिथे ते कानावर पडले नाहीत, तर उद्या आजी फोनवर ‘अभ्यास म्हणजे खायचं काम नाही’ म्हणाली, की नातू विचारेल, ‘मग जेवायचं कधी?’ म्हणून मुलं ‘त्सुकरश्लेकन’ म्हणाली तर आपण अडवू नये. शेजारी आपलंही वाढावं. पानात दोन्ही असू देत.