थेंबाचा हिशेब ठेवणारा इंजिनिअर

सोडा फाउंटनची देखभाल करणारा तंत्रज्ञ येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत एक खास पेला असतो. पेल्यात वेगवेगळे कप्पे असतात. एका कप्प्यात नुसता सोडा पडतो, दुसऱ्यात नुसतं सिरप. दोन्हींची पातळी खुणेशी जुळेपर्यंत तो स्क्रू कमी-जास्त पिळत राहतो. या कामाला धंद्यात ‘ब्रिक्स लावणं’ म्हणतात. पाच भाग सोड्याला एक भाग सिरप, हे नेहमीचं प्रमाण. ते बिघडलं की पेय एक तर पाणचट लागतं, नाही तर घशाशी बसतं.

कित्येक दशकं या धंद्याचं नियंत्रण म्हणजे हा स्क्रू आणि तो पिळणारा हात. मागे खोक्यांतल्या पिशव्यांत सुमारे १९-१९ लिटर सिरप आणि पुढे सहा-आठ तोट्या. नवी चव विकायची तर नवं खोकं, नवी नळी आणि नवी तोटी. दुकानातली जागा संपली की चवीही संपल्या.

हे गणित मोडायला कोका-कोला कंपनी गेली ती वैद्यकीय पंप बनवणाऱ्या माणसाकडे, डीन केमनकडे.

केमनचा जन्म १९५१चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. वडील जॅक केमन हे कॉमिक्सचे नावाजलेले चित्रकार. पोराचा ओढा मात्र वायरिंगकडे. शाळकरी वयातच तो प्रकाश आणि ध्वनी यांच्या कार्यक्रमांसाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बनवून विकायला लागला. पुढे वूस्टर पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला, पण पदवी घेतलीच नाही.

थोरला भाऊ बार्ट तेव्हा वैद्यकीचं शिक्षण घेत होता. काही रुग्णांना औषध अगदी थोडं थोडं, पण न चुकता सतत द्यावं लागतं आणि त्यासाठी धड यंत्रच नाही, ही त्याची तक्रार. धाकट्याने अंगावर बाळगता येईल असा छोटा पंप बनवला. १९७६ मध्ये त्याने ‘ऑटोसिरिंज’ ही कंपनी काढली. याच वाटेने पुढे मधुमेही रुग्णांसाठी अंगावर वागवायचा इन्सुलिन पंप आला. ऐंशीचं दशक उजाडता उजाडता ती कंपनी ‘बॅक्स्टर’ला विकून केमनने ‘डेका’ उभी केली. तिचं ठाणं न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात, जुन्या कापड गिरण्यांच्या लाल विटांच्या इमारतींत.

डेकाने बॅक्स्टरसाठी केलेलं ‘होमचॉइस’ हे घरच्या घरी डायलिसिस करणारं यंत्र १९९३ मध्ये आलं. रुग्ण झोपलेला असताना रात्रभर त्याच्या पोटाच्या पोकळीत द्रव भरायचा, काही काळ ठेवायचा आणि काढून घ्यायचा. एका खेपेला साधारण दोन लिटर. किती गेला आणि किती परत आला, याचा हिशेब चुकून चालत नाही.

तो हिशेब ज्या युक्तीने होतो ती शाळेच्या पुस्तकातली आहे. द्रवाच्या कप्प्याला एका बाजूने लवचीक पडदा आणि पडद्यापलीकडे हवा. शेजारच्या, आकारमान ठाऊक असलेल्या टाकीतही हवा असते, पण वेगळ्या दाबाची. दोघांमधली झडप उघडली की दाब समान होतो. आधीचे आणि नंतरचे दाब बॉइलच्या नियमात घातले की पडद्यामागे हवा किती ते कळतं. कप्प्याच्या एकूण आकारमानातून ती वजा केली की उरतो तो द्रव. मोजमाप होतं ते हवेचं. द्रवाला मोजयंत्राचा कुठलाच भाग शिवत नाही, त्यामुळे निर्जंतुकपणा टिकतो आणि ज्यातून द्रव वाहतो ती डिस्पोजेबल कॅसेट खुशाल फेकून देता येते.

कोका-कोलाचं ‘फ्रीस्टाइल’ हे पेय देणारं यंत्र २००९ मध्ये अमेरिकेत चाचणीसाठी बाहेर पडलं, ते याच अनुभवाच्या जोरावर. बाहेरचा डौल फेरारीच्या अनेक गाड्यांचं रूप रेखाटलेल्या ‘पिनिनफरिना’चा आणि आतली द्रवाची विद्या डेकाची. सिरपची मोठी खोकी गेली. त्यांच्या जागी प्रिंटरच्या शाईसारखी कार्ट्रिज आली. त्यांत अतितीव्र अर्क असतो. साखरेचा पाक, सोडा आणि पाणी वेगळ्या वाटेने येतात आणि सगळ्यांची भेट होते ती थेट तोटीशी. यंत्राच्या स्क्रीनवर बोट लावायचं, शंभराहून अधिक पेयांतून निवडायचं.

अडचण अशी की अर्क जितका तीव्र, तितकी चूक महाग. पाच भागांत एक भाग मिसळताना चार थेंब इकडेतिकडे झाले तर कुणाला पत्ता लागत नाही. अर्क चिमूटभरच लागत असेल, तर तेच चार थेंब पेला फुकट घालवतात. म्हणून डेकाच्या पेटंटांत दोन वेगळे उपाय दिसतात. अर्कासाठी छोटे सोलेनॉइड पंप: विजेचा एक ठोका, ठरलेलं एक माप. ठोक्याच्या वेळी किती करंट वाहिला यावर लक्ष ठेवलं की पंपाने खरंच द्रव ढकलला, की कार्ट्रिज रिकामं झालं, हे ओळखता येतं. सोडा आणि पाक यांच्यासाठी प्रवाह मोजणारी दातेरी चाकं. नियंत्रक प्रत्यक्ष प्रवाह पाहतो, हव्या त्या प्रवाहाशी ताडतो आणि वाट अरुंद किंवा रुंद करतो. रसायनांच्या कारखान्यात प्रक्रिया ताब्यात ठेवणारं हेच फीडबॅक नियंत्रण इथे काउंटरवरच्या कपाटात बसलं. तंत्रज्ञाच्या स्क्रूचं काम आता यंत्र दर पेल्याला स्वतःच करतं.

प्रत्येक कार्ट्रिजवर रेडिओ चिप असते आणि कुठलं पेय कधी विकलं गेलं याची खबर कंपनीला मिळत राहते. लोक स्प्राइटमध्ये चेरी मिसळतात हे या नोंदींतून दिसलं आणि २०१७ मध्ये ‘स्प्राइट चेरी’ बाटलीबंद होऊन दुकानांत आली.

मधुमेह्याला इन्सुलिन मोजून देणारा माणूस साखरेचं पाणी ओतणाऱ्या यंत्रापाशी कसा पोचला, हा प्रश्न कुणालाही पडेल. केमनची नजर होती कोका-कोलाच्या जगभर पसरलेल्या वितरणावर. त्याने ‘स्लिंगशॉट’ नावाचं जलशुद्धी यंत्र बनवलं होतं. ते गढूळ पाण्याची वाफ करतं, ती दाबतं आणि ती थंड होताना निघणारी उष्णता पुढचं पाणी उकळायला वापरतं. २०१२ मध्ये कोका-कोलाने आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत ती यंत्रं नेण्याची भागीदारी जाहीर केली. सोड्याचं यंत्र हजारो दुकानांत पोचलं. पाण्याचं यंत्र खेडोपाडी नेण्याचा बेत मात्र त्या प्रमाणात तडीस गेला नाही.

केमनचं मोजमाप पेयांवर आणि पाण्यावरच थांबलं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने केमनच्या पुढाकारातल्या संस्थेला ८ कोटी डॉलर मंजूर केले, मानवी ऊती आणि पुढेमागे अवयव कारखान्यात तयार करण्यासाठी. प्रयोगशाळेत एखाद्या संशोधकाच्या हाताने वाढणाऱ्या पेशी कारखान्याच्या प्रमाणावर वाढवायच्या, तर पोषकद्रव, प्राणवायू आणि तापमान अखंड मोजत आणि सावरत राहावं लागतं. हे काम मँचेस्टरच्या त्याच गिरण्यांच्या आवारात सुरू आहे.